आजीने पाहिलेले समुद्राखालचे रान

'क्रूझ' हा शब्द हल्ली आपल्या वस्तीतल्या मुलांच्याही तोंडी आला आहे. टीव्हीवरच्या जाहिरातीत पांढरेशुभ्र जहाज, त्यावर पोहण्याचा तलाव आणि खुर्च्यांवर पहुडलेली माणसे दिसतात. हे आपल्यासाठी नाही असे म्हणून आपण चॅनेल बदलतो. आम्हीही वर्षानुवर्षे बदलत आलो. तरीही जानेवारी २०१९ मध्ये आमचे पाच माणसांचे कुटुंब जहाजाने अंदमानला गेले आणि तिथून छोट्या बोटीने जॉली बॉय नावाच्या बेटावर एक दिवस काढून आले.

तेव्हापासून दर डिसेंबरात विहारात, कार्यालयात, लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतेच. खर्च किती आला? म्हातारीला कसे नेले? वाघ दिसला का? वाघ दिसला नाही. अंदमानच्या जंगलात वाघ नाहीतच. एकेकाला पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. मुलांचे बाबा एका छापखान्यात मशीन चालवतात. थोरली मुलगी तेव्हा आठवीत होती, धाकटा पाचवीत. पाचवे माणूस म्हणजे आमची आई. ती आमच्याकडेच असते. आम्हा केंद्राच्या कर्मचाऱ्यांना चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जाण्याची प्रवास सवलत, म्हणजे एलटीसी मिळते. अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात बसतात, आणि जहाजाचे भाडेही बसते. आमचे कितीतरी सहकारी हा हक्क वापरतच नाहीत. ब्लॉक संपतो, सवलत बुडते. "साहेब लोकांचे ते," असे म्हणणारे आमच्याच टेबलाशेजारी बसतात. नियम मात्र शिपायापासून सर्वांना लागू आहे.

पण एलटीसी फक्त प्रवासाचे भाडे देते. राहणे, खाणे आणि फिरणे खिशातून. त्यासाठी आम्ही बचत गटात दरमहा दीड हजार प्रमाणे दोन वर्षे पैसे टाकले. छत्तीस हजार झाले. त्यातले काही मधल्या काळात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले. उरले त्यात सहल बसवायची होती.

मुंबईहून रेल्वेने चेन्नई आणि चेन्नईच्या बंदरातून पोर्ट ब्लेअर असा आमचा मार्ग होता. (२०२४ साली त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. आम्ही गेलो तेव्हा ते पोर्ट ब्लेअरच होते.) समुद्रावरचे हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आहे आणि जहाजाला अडीच ते तीन दिवस लागतात. आमची तिकिटे बंक क्लासची होती. बंक क्लास म्हणजे जहाजाच्या पोटातला मोठा हॉल. एकावर एक दोन अशा खाटांच्या रांगाच रांगा. आमच्या आजूबाजूला तमिळ मजूर, बंगाली दुकानदार, सुट्टीवरून परतणारे जवान, बाळंतपणाला माहेरी जाऊन आलेल्या बाया. पोहण्याचा तलाव नव्हता, आणि असता तरी उपयोग झाला नसता, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही चौघेही उलट्या करून आडवे झालो होतो. आई तेवढी ठणठणीत. ती एकटी कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहून सांबार-भात घेऊन येई आणि शेजारच्या खाटेवरच्या तमिळ बाईशी मराठीत तासन् तास बोले. त्या दोघींचे काय बोलणे झाले ते त्यांनाच माहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डेकवर गेलो तेव्हा जहाजाच्या पुढून चांदीच्या चमच्यांसारखे उडणारे मासे सपसप निघून जात होते. पोरांचा सगळा शीण तिथेच उतरला.

पोर्ट ब्लेअरला लॉजच्या खाली एक टूरवाला बसत असे. आमच्याकडे बाहेरगावच्या एकाच मोठ्या फेरीचे पैसे होते. त्याने दोन फेऱ्या सांगितल्या. एक, उत्तरेला बाराटांगची. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत. दुसरी, वंडूरहून बोटीने जॉली बॉय बेटाची. त्याचा स्वतःचा कौल बाराटांगला होता. "रास्ते में जारवा दिखेंगे," तो म्हणाला. "सबको दिखते हैं. बच्चे खुश हो जाएंगे." त्याने हे ज्या आवाजात सांगितले तो आवाज आमच्या ओळखीचा होता. राणीच्या बागेबाहेरचा फुगेवाला 'आत हत्ती आहे' असे सांगतो, तसा.

जारवा हे अंदमानचे मूळ रहिवासी. हजारो वर्षे ते त्या जंगलात शिकार, मासे, मध आणि कंदमुळांवर जगत आले. आज त्यांची संख्या काहीशेच आहे. १९५६ च्या नियमावलीने त्यांच्यासाठी जंगल राखीव केले, पण पुढे त्या राखीव जंगलातूनच अंदमान ट्रंक रोड काढला. १९९७-९८ च्या सुमारास जारवा शस्त्रे खाली ठेवून बाहेर येऊ लागले, आणि लगेच १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. बाहेरच्या माणसाचा साधा आजार त्यांचे प्राण घेऊ शकतो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रस्त्याचा राखीव जंगलातला भाग बंद करण्यास सांगितले. तो बंद झाला नाही. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या लालचेने प्रवाशांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, २०१३ च्या आरंभी न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे तो रस्ता बंदही केला, मग पुन्हा मोकळा झाला. गाड्या पोलिसांसोबत ताफ्याने जातात. थांबू नका, फोटो काढू नका, खायला देऊ नका, अशा पाट्या आहेत. आणि टूरवाला सांगतो, बच्चे खुश हो जाएंगे.

धाकट्याचे डोळे चमकले हे आम्ही लपवत नाही. थोरलीने शाळेत त्यांच्याविषयी वाचले होते. तिलाही पाहायचे होते. मुलांचे बाबा म्हणाले, "आपण काही नाचायला लावणार नाही. नुसते गाडीतून जाताना दिसले तर दिसले." आमच्याही मनात क्षणभर तेच आले होते.

आई पायरीवर बसून पाय चोळत होती. ती म्हणाली, "न्हाय. माणसं बगाया न्हाय जायाचं."

मग तिने जे सांगितले ते आम्ही इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती माण तालुक्यात खडी फोडायच्या कामावर होती. लग्न होऊन चार वर्षे झाली होती. "जीपा यायच्या," ती म्हणाली. "सायेब, बाया, फोटूवाले. काचा वर करून बगायचे. धुरळा लागू नये म्हनून. आमी हातूडा थांबवून बगत ऱ्हायचो त्यांच्याकडं, न ते आमच्याकडं. एक बाई रडली बी. पर काच काय खाली केली न्हाय."

एवढे बोलून ती पुन्हा पाय चोळू लागली. टूरवाल्याला मराठी कळत नव्हते. आम्ही त्याला जॉली बॉयचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून निघालो. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशीच काढला होता. ओळखपत्रांच्या प्रती लागतात, म्हणून त्या घरूनच जास्तीच्या नेलेल्या बऱ्या. वंडूर शहरापासून तीस किलोमीटरवर आहे. वाटेत सिप्पीघाट लागते. तिथे रस्त्याच्या कडेला पाण्यात नारळीची वाळलेली खोडे उभी दिसली. आम्हाला वाटले तलाव असेल. ड्रायव्हर म्हणाला, ही भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीनच सुमारे एक मीटर खाली बसली, आणि त्सुनामीनंतर समुद्र शेतात आला तो परत गेलाच नाही. आता त्या पाण्यावर तऱ्हेतऱ्हेचे पक्षी उतरतात आणि लोक दुर्बिणी घेऊन पाहायला येतात. ज्यांची शेते गेली त्यांना त्या पक्ष्यांचे काय वाटत असेल, असा विचार आमच्या मनात आला. गाडी पुढे गेली.

वंडूरच्या धक्क्यावर तपासणी असते, आणि ती खरी असते. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात प्लॅस्टिकला बंदी आहे. धाकट्याचे वेफर्सचे पाकीट बाहेर निघाले, बिस्किटांचे वेष्टन निघाले, आमच्या गोळ्यांची पिशवी निघाली. वेफर्स तिथेच उभ्या उभ्या खाऊन संपवावे लागले. पाण्याच्या बाटलीसाठी अनामत रक्कम भरायची. बाटली परत आणून दाखवली की पैसे परत. शेवटी आईची पाळी. तिच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूची पुडी होती, प्लॅस्टिकची. वनखात्याची मुलगी हसत म्हणाली, "अम्माजी, ये नहीं जाएगा." आईने शांतपणे तंबाखू पदराच्या टोकात बांधली, चुन्याची पत्र्याची डबी दाखवली आणि रिकामी पुडी तिच्या हातात ठेवली. डबीबद्दल नियमात काही नव्हते.

हे उद्यान १९८३ साली स्थापन झाले. क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर. त्यात पंधरा बेटे आणि त्यांच्या मधला समुद्र येतो. आपल्याकडच्या अभयारण्यात जमीन राखलेली असते आणि पाणी कडेला असते. इथे उलटे आहे. राखलेले रान पाण्याखाली आहे. पर्यटकांना त्यातली दोनच बेटे दाखवतात, तीही आळीपाळीने : साधारण नोव्हेंबर ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जॉली बॉय, उरलेले महिने रेड स्किन. एकावर माणसे जातात तेव्हा दुसऱ्याला विसावा. पूर्वी आपल्या गावाकडे गायरानात असेच करत, एक तुकडा चरायला, एक राखायला. बेटावर वस्ती नाही, दुकान नाही, रात्री थांबायची परवानगी नाही. सोमवारी सर्व बंद.

बोट सुटली. पाऊण तासाचा तो प्रवास म्हणजेच आमची क्रूझ, असे थोरलीने जाहीर केले. खाडीच्या दोन्ही बाजूंना खारफुटीचे दाट जंगल होते. मुळे पाण्यात अशी रोवलेली की हजार पायांचे जनावर उभे आहे असे वाटावे. त्या चिखलात खाऱ्या पाण्यातली मगर राहते, सध्या जगात असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांत सर्वांत मोठी. वंडूरच्या किनाऱ्यावर पोहण्याबाबत सूचना लावलेल्या आहेत त्या तिच्यामुळेच. ती दिसावी म्हणून धाकटा डोळे फाडून बसला आणि ती दिसू नये म्हणून त्याचे बाबा. दिसली नाही.

बोटीवरचा वाटाड्या तिशीतला होता. बोलता बोलता कळले की तो 'रांची'. अंदमानात रांची म्हणजे गाव नव्हे, समाज. १९१८ पासून छोटा नागपूरच्या पठारावरचे आदिवासी मजूर इथे झाडे तोडण्याच्या कामाला आणले गेले, त्यांच्या वंशजांना आजही रांचीवाले म्हणतात. इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरजवळ चॅथम बेटावर १८८३ सालीच लाकूड कापण्याची गिरणी घातली होती. तिथे पडाऊकसारख्या मोलाच्या झाडांचे ओंडके जात. वाटाड्याचे आजोबा त्या तोडणीच्या टोळीत होते. "दादा ने पेड़ काटा, हम मूंगा बचाता है," तो म्हणाला. दोन्ही कामे सरकारचीच, हेही त्याने हसून सांगितले. पगाराबद्दल विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. रोजंदारीवरच्या माणसाला हा प्रश्न कसा लागतो ते आमच्यासारख्या युनियनमध्ये काम केलेल्या माणसाला कळायला हवे होते.

त्याच्याकडून हत्तींची एक गोष्ट ऐकली. ओंडके ओढायला मुख्य भूमीवरून जहाजांनी हत्ती आणले होते. पुढे इंटरव्ह्यू नावाच्या बेटावर लाकडाचा धंदा करणारी खासगी कंपनी बुडाली आणि १९६० च्या दशकात तिने आपले हत्ती तिथेच सोडून दिले. पाळलेले हत्ती रानटी झाले, त्यांना पिल्ले झाली. ते बेट आता अभयारण्य आहे. आमच्या डोक्यात मात्र कारकुनी शंका आली : कंपनी बुडाली तेव्हा माहुतांची देणी मिळाली का? वाटाड्याला ते माहीत नव्हते.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि तळाला काच बसवलेल्या लहान होडीतून काठावर नेतात. एका होडीतून दुसरीत पाय टाकायचा, आणि दोन्ही हलत असतात. आई कठड्यापाशी जाऊन थबकली. आम्हाला वाटले आता ही इथूनच परत फिरणार, आणि आपण हिला उगाच आणले. वाटाड्याने एक हात धरला, थोरलीने दुसरा. आईने खाली पाहिले, पदर खोचला आणि शेवग्याची जुडी टोपलीत टाकावी तसे स्वतःला होडीत टाकले. होडीतल्या गुजराती कुटुंबाने टाळ्या वाजवल्या.

मग काचेखाली ते सुरू झाले.

आधी नुसती वाळू. मग काळपट ढिगारे. मग एकदम हरणाच्या शिंगांसारखी झाडी, माणसाच्या मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे मोठाले घुमट, पानकोबीसारखे थर, आणि त्यांच्यातून निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. एका समुद्रफुलाच्या हलत्या बोटांमध्ये नारिंगी मासा लपत होता. 'नेमो, नेमो' म्हणून सगळी पोरे ओरडली. समुद्रफुलाचा डंख दुसऱ्या माशांना लुळे करतो. या माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला मात्र तो बाधत नाही, म्हणून तो तिथे सुखाने घर करतो. पोपटासारख्या चोचीचा एक मासा दगड कुरतडत होता. काठावरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच करणी, असे वाटाड्याने सांगितले. तो प्रवाळ चावतो, त्यातले शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. आपण ज्या वाळूत बसून फोटो काढतो ती माशाची विष्ठा आहे हे कळल्यावर धाकट्याला झालेला आनंद विचारू नका.

आई काचेवर जवळजवळ ओणवी झाली होती. तिने विचारले, "ह्यी झाडं हायती का दगूड?"

दोन्ही नाही, वाटाड्या म्हणाला. हा प्राणी आहे.

हे आम्हालाही नीट माहीत नव्हते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. एकेक जीव बहुधा बाजरीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. तोंडाभोवती इवलेसे हात. तो समुद्रातल्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतो. एकाला चिकटून दुसरा, दुसऱ्याला तिसरा. जुने मरतात, त्यांच्या घरावर नवे घर बांधतात. अशी लाखो घरे मिळून तो घुमट होतो. आपल्या चाळीसारखेच, फक्त इथे बिल्डर नाही. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. काचेखाली दिसणारा माणसाएवढा घुमट शंभराहून अधिक वर्षांचा असू शकतो.

आणि त्याला रंग देणारे, खाऊ घालणारे वेगळेच आहेत. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करते आणि बरेचसे घरमालकाला देते. बदल्यात त्याला आसरा मिळतो. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जरी जास्त दिवस तापले तरी हा संसार मोडतो. शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरते. अंदमानात १९९८ मध्ये असे झाले, २०१० च्या उन्हाळ्यात फार मोठ्या प्रमाणावर झाले, २०१६ मध्ये पुन्हा झाले. आम्ही परतल्यानंतर, २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या प्रवाळांवर असेच चौथे मोठे संकट आल्याचे जाहीर केले. सुरुवातीला जे काळपट ढिगारे दिसले ते मेलेले प्रवाळ होते. ज्यांनी कधी प्रवाळ पाहिले नाही त्यांच्याही चुली, गिरण्या आणि गाड्यांची उष्णता तिथे पोहोचते. त्यात आमचा गॅस आणि आमची लोकलही आली. पण सर्वांचा वाटा सारखा आहे असे कोणी म्हटले तर ते आम्ही मान्य करणार नाही.

आईला हे मोडक्यातोडक्या शब्दांत समजावले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्या येवढी खडी फोडली. दगूड वाढतोय हे आज ऐकलं."

बेटावर दोन-तीन तास मिळतात. मुलांनी तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून, वाटाड्याचा हात धरून पाण्यात डोके घातले. त्याने आधी बजावले होते : पाय टेकायचे नाहीत, हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही. थोरली बाहेर आली तेव्हा थरथरत होती. थंडीने नव्हे. तिने एक मोठा शिंपला पाहिला होता, उघडा, आतला ओठ जांभळा-निळा. तिची सावली पडताच तो मिटला. "मम्मी, त्याला मी कळले," असे ती दहा वेळा म्हणाली. अंदमानचा राज्यप्राणी म्हणजे समुद्रगाय. पाण्याखालचे गवत खाणारा हा लाजाळू प्राणी आता फार थोडा उरला आहे. तो दिसला नाही, आणि नशीब म्हणून तो दाखवतो असेही कोणी म्हणाले नाही. आम्ही झाडाखाली केळीच्या पानात आणलेली पोळी-भाजी खाल्ली. आईने वाळूत पाय पसरून तंबाखू मळली आणि थुंकायची वेळ आली तेव्हा इकडेतिकडे पाहून, आमच्या माहितीत पहिल्यांदाच, गिळून टाकली.

परतीच्या बोटीत धाकटा गप्प होता. तो गप्प असला की काहीतरी असते. त्याच्या हाफपँटचा खिसा फुगलेला दिसला. हात घातला तर पांढऱ्या प्रवाळाचा बोटभर तुकडा, फांदीसारखा, त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके.

"मेलेलाच होता," तो म्हणाला. "वाळूत पडला होता. सरांना दाखवणार होतो."

सरांना दाखवणार होता हे खरे होते. त्याचे सर पोरांकडून दगड-शिंपले जमवून वर्गात मांडत. आमच्या मनात आले, एवढासा तुकडा, कोण पाहणार आहे? मुलांच्या बाबांनी तर "राहू दे आता, रडवू नको त्याला," असे हळूच म्हटलेही. पण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. उचलणे, नेणे, विकणे हा गुन्हा आहे, आणि विमानतळावर सामानात सापडले की जप्त होते. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. मेलेला तुकडा निरुपयोगी नसतो. त्यावर नवे प्रवाळ बसते, त्याचीच वाळू होते, त्या वाळूवर बेट टिकते. एका बोटीत पन्नास माणसे धरा. हंगामाचे दीडशे दिवस धरा. माणशी एक तुकडा म्हटले तरी एका बोटीचे वर्षाला साडेसात हजार तुकडे झाले. बोट एकच नसते.

हा हिशेब पोराला पाठ म्हणून दाखवला, तरी तो रडायचा थांबला नाही. "मग आपण आलो कशाला? काहीच न्यायचं नाही तर?" त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. एरवी आम्हीही जिथे जातो तिथून काहीतरी आणतोच. चैत्यभूमीवरून पुस्तके आणतो, नागपूरहून संत्री आणतो. आजी त्याला जवळ घेईल असे वाटले होते. तिने घेतले नाही. "देऊन टाक," एवढेच म्हणाली.

वंडूरच्या धक्क्यावर तो स्वतः त्या वनखात्याच्या मुलीकडे गेला. आम्ही मागे उभे राहिलो. त्याने मूठ उघडली. ती रागावली नाही. तिने टेबलाखालचा पुठ्ठ्याचा खोका पुढे ओढला. त्यात आधीच सातआठ तुकडे आणि दोन शंख पडले होते. त्याने आपला तुकडा त्यात अलगद ठेवला, फेकला नाही. तिने त्याचे नाव विचारले, इयत्ता विचारली आणि एका कागदावर प्रवाळाच्या जिवाचे छोटे चित्र काढून दिले : तोंड, हात, खाली चुन्याची वाटी. तो कागद घडी घालून त्याने दप्तरातून शाळेत नेला, आणि सरांनी तो फळ्याशेजारी लावला. दोन वर्षे तिथेच होता, असे तो सांगतो.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जहाजाच्या तारखा आधी फार दिवस कळत नाहीत आणि पुढेमागे होतात. आमचेही जहाज एक दिवस उशिरा सुटले, म्हणून रजा जास्तीची टाका. उलटीची गोळी आदल्या रात्रीच घ्या. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. डबा पानात किंवा स्टीलमध्ये न्या. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. त्यांना झेपणार नाही हे आपणच ठरवतो. बाराटांगच्या गुहा चांगल्या आहेत म्हणतात. त्याविषयी आम्ही काही सांगू शकत नाही.

त्या दिवशी सगळ्यांत शेवटी आईने पाण्याची बाटली परत दाखवली आणि अनामत रक्कम मागून घेतली. नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या दुसऱ्या टोकात बांधल्या, आणि गाडीत बसताना खिडकीची काच खाली करून घेतली.